घडणाऱ्याचें नांव

(कारागीर व शेतकरी मंडळींपुढें झालेल्या एका व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कांहीं जण म्हणतील, कीं हा विषय आमचा नव्हे. मूर्ति घडवून, नक्षीचीं भांडीं, दिवे, पेट्या करून तीं हौशी संग्राहकांना विकणारे कलावंत, हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतला विषय. आम्हांला त्याचें काय? पण जरा थांबा. दिवाणखान्यांत तें भांडें ठेवणारा श्रीमंत असेल. तें घडणारा कोण असतो? तो कुंभार असतो, सुतार असतो, तांबट असतो, पाथरवट असतो, ओतारी असतो. म्हणजे विषय तुमचाच आहे. तुमच्या घरांतून निघून गेल्यावर त्या वस्तूचें पुढें काय होतें, एवढेंच तुम्हांला कोणी सांगत नाहीं. तें सांगण्यासाठीं मी उभा आहें.

संग्राहक म्हणजे कोण, तें आधीं पाहूं. तुम्ही बाजारांत घागर घेतां ती पाण्यासाठीं. बोटानें टिचकी मारून नाद ऐकतां, गळकी नाहीं ना पाहतां, घासाघीस करतां. ती फुटली कीं दुसरी आणतां. संग्राहक घागर घेतो ती तींत पाणी कधींच न भरण्यासाठीं! तो ती कांचेच्या कपाटांत ठेवतो, वर दिवा लावतो, पाहुण्यांना दाखवितो आणि वीस वर्षांनीं दुसऱ्या संग्राहकाला विकतो. तुमची घागर जुनी झाली कीं तिची किंमत उतरते. त्याची घागर जुनी झाली कीं तिची किंमत चढते. माती तीच, आवा तोच, मग हा चमत्कार कसला? हात खरोखर चांगला असला पाहिजे, हें तर आलेंच. त्यावांचून सगळें फुकट. पण तो हात कोणाचा, हेंही माहीत असावें लागतें. ज्या मडक्याचा कर्ता माहीत आहे त्याला एक भाव, ज्याचा माहीत नाहीं त्याला दुसरा. बाजारांत नांवाला भाव आहे. आणि आपण पिढ्यान् पिढ्या तेवढें एक सोडून बाकी सगळें मडक्यांत घालीत आलों!

वेरूळचें कैलास लेणें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. अख्खा डोंगर वरून खालीं खोदीत आणून त्यांतून देऊळ काढलें. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नांवावर तें जमा आहे. बडोद्यास सांपडलेला ८१२-१३ सालचा एक ताम्रपट आहे. त्यांत या देवळाचें वर्णन करतांना म्हटलें आहे, कीं तें पाहून आकाशांतून जाणारे देवही थक्क झाले; इतकेंच नव्हे, तर ज्यानें तें घडविलें तो शिल्पीसुद्धां स्वतःच चकित झाला, कीं हें माझ्या हातून झालें तरी कसें! पहा गंमत. शिल्प्याच्या मनांत काय आलें, तें ताम्रपट लिहिणाराला ठाऊक आहे; शिल्प्याचें नांव काय, तें मात्र त्यानें लिहिलेलें नाहीं. पुढच्या दंतकथेंत पैठणच्या कोकस नांवाच्या कारागिराचें नांव येतें, पण ती दंतकथाच. राजाचें नांव तांब्यावर कोरलें गेलें आणि घडणाऱ्याचें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें तर राहिलें.

यावर कोणी शहाणा म्हणेल, कीं आपल्या देशाची रीतच तशी होती. कारागीर निरभिमानी, तो नांव कशाला घालील? हें साफ खोटें आहे. खालीं कर्नाटकांत बेलूरला जा. होयसळ राजांच्या काळीं, १११७ सालीं, तेथील देवळाची प्रतिष्ठा झाली. त्या देवळांतल्या मूर्तींच्या बैठकीवर शिल्प्यांनीं आपापलीं नांवें कोरलीं आहेत. बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण हे बापलेक त्यांत आहेत. नुसतीं नांवें नाहींत. गांव, बापाचें नांव, आणि प्रतिस्पर्धी शिल्प्यांना आव्हान देणारीं बिरुदें. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत मल्लितम्मा नांवाच्या शिल्प्यानें अनेक देवळांत आपलें नांव घातलें. तेव्हां नांव घालणें ही कांहीं साहेबाकडून आलेली खोड नव्हे. ज्या कारागिराला घालूं दिलें त्यानें घातलें. निरभिमान हा गुण खरा, पण तो दुसऱ्यानें आपल्यावर लादला म्हणजे त्याचें नांव निराळें असतें.

आतां मी तुम्हांला जरा दूर नेणार आहें, कारण या विषयांतलें सर्वांत शिकण्यासारखें घर मला तेथें आढळलें. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस न्यू मेक्सिको नांवाचें कोरडें, डोंगराळ राज्य आहे. तेथें गोरे लोक येण्यापूर्वीपासून राहणारे मूळचे लोक मातीच्या घरांच्या गांवांत वस्ती करून मका पिकवितात. त्यांतलें सान इल्डेफोन्सो हें एक लहानसें गांव. त्या गांवीं १८८७ च्या सुमारास मारिया नांवाची मुलगी जन्मली. तिची मावशी मडकीं करी; तिच्याजवळ बसून मारिया शिकली. तेथें चाक नाहीं. मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक रचीत भांडें उभें करतात आणि हातानें सारखें करतात. आणखी एक भेद सांगतों. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणीं कुंभाराच्या बाईनें माती मळावी, पाणी आणावें, पण चाकाला हात लावूं नये असा दंडक आहे. तेथें उलट, भांडें करणें हें बाईचेंच काम.

१९०४ सालीं मारियाचें लग्न हुलियन मार्टिनेझ याच्याशीं झालें. लग्न झाल्याबरोबर हीं दोघें सेंट लुईस शहरच्या मोठ्या जत्रेवजा प्रदर्शनांत गेलीं आणि तेथें लोकांना मडकीं करून दाखविलीं. पण त्या वेळेस या धंद्याला उतरती कळा लागली होती. १८८० च्या सुमारास त्या मुलखांत आगगाडी आली, गाडीबरोबर पत्र्याचीं व मुलाम्याचीं भांडीं आलीं, आणि घरांतलें मडकें मागें पडलें. अल्युमिनियम आणि प्लास्टिक आल्यावर आपल्या कुंभारवाड्यांत काय झालें, तें तुम्हांला मीं सांगायला नको. हुलियन मजुरीस जाई. १९०७ पासून जवळच्या डोंगरांत पुराणवस्तूंचें खोदकाम निघालें. तेथें तो खोदाईच्या मजुरींत होता. त्या खोदकामाचा प्रमुख एडगर ह्युएट यानें सांपडलेलीं जुनीं खापरें मारियाला दाखविलीं आणि विचारलें, असें भांडें करून देशील काय? तिनें दिलें. पुढें कांहीं वर्षें तीं दोघें सांता फे शहरच्या संग्रहालयांत राहिलीं. नवरा तेथें झाडलोट करी, बायको येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मडकीं घडवी आणि विकी.

१९१८-१९ च्या सुमारास या जोडप्याला तें काम साधलें, ज्याच्यासाठीं त्यांचें नांव जगांत झालें. काळ्या, आरशासारख्या चकचकीत भांड्यावर काळीच, पण मंद, न चमकणारी नक्षी. ती कशी होते, तें ऐका. इथें कुंभार बसले आहेत, त्यांना यांतलें बरोबर कळेल. भांडें वाळलें कीं त्यावर बारीक गाळलेल्या मातीचा पातळ थर द्यायचा आणि तो ओलसर असतांनाच नदींतल्या गुळगुळीत गोट्यानें घोटायचें. भांडें मोठें असलें तर तासन् तास घोटावें लागतें, आणि मध्यें उठतां येत नाहीं, कारण थर वाळला कीं चमक गेली. हें मारियाचें काम. मग घायपाताच्या जातीच्या एका झाडाचें पान चावून केलेल्या कुंचलीनें हुलियन नक्षी काढी. शिंगवाला पाणसर्प ही त्याची आवडती आकृति. जेथें कुंचली फिरली तेथली चमक मरते, एवढीच ती नक्षी. नंतर भांडीं उघड्यावर रचायचीं, भोंवतीं शेणाच्या गोवऱ्या लावायच्या आणि पेटवायचें. आंच पुरेशी चढली कीं त्यावर घोड्याची कुटलेली लीद टाकून आग गुदमरवायची. वारा बंद झाला कीं धूर आंत कोंडतो, मातींतलें लोखंड लालाचें काळें होतें. जर लीद टाकली नाहीं तर तेंच भांडें लाल निघतें. गोवऱ्या, लीद, गोटा आणि पान! जिन्नस असा, कीं आपल्या कोणत्याही वाडींत फुकट मिळेल.

हीं भांडीं वापरायचीं नव्हत. आंच कमी असल्यामुळें तीं पाणी धरीत नाहींत, चुलीवर चालत नाहींत. तीं पाहण्यासाठींच. आणि गोरे संग्राहक त्यांच्यावर तुटून पडले. १९२२ पासून सांता फे येथें मूळच्या लोकांच्या मालाचा वार्षिक बाजार भरूं लागला, त्यांत भाव आणखी चढला.

आतां माझ्या मुद्द्याकडे येतों. १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांत मारिया भांड्याच्या बुडाशीं आपलें नांव घालूं लागली. त्या गांवांत त्यापूर्वीं कोणी तसें करीत नसे. नांव घातलें तें 'मारी' असें, कारण तें गोऱ्या गिऱ्हाइकांच्या कानाला ओळखीचें. नक्षी नवऱ्याची, पण नांव एकटीचें. कारण मडकें हें बाईचें काम आणि पुरुषानें त्यांत हात घातला हें सांगायचें कसें? १९२५ च्या सुमारास तो संकोच गेला आणि 'मारी आणि हुलियन' अशीं दोन्ही नांवें येऊं लागलीं. १९४३ सालीं हुलियन वारला. मग सून सांताना नक्षी काढूं लागली, तेव्हां सासू-सुनेचीं नांवें. १९५६ पासून मुलगा पोपोवी दा बरोबर आला, तेव्हां मायलेकांचीं. आज संग्राहक भांडें उलटें करतो, बुडाशीं नांवें वाचतो आणि तें कोणत्या काळांतलें हें सांगतो. घरांत कोण कोणाबरोबर बसून काम करीत होतें, त्याची वंशावळच त्या बुडांवर आहे. तलाठ्याच्या दप्तरांतही इतकी सरळ नोंद सांपडायची नाहीं!

आणि त्यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मारियानें आपली कृति लपविली नाहीं. गांवांतल्या बायकांना शिकविली. पण त्यांचीं भांडीं तितक्या भावानें जाईनात, कारण बुडाशीं मारियाचें नांव नव्हतें. तेव्हां त्या तिच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, आमच्या भांड्यावरही तुझें नांव घाल. तिनें घातलें! कोणाच्या विहिरीवर कोणी घागर भरून न्यावी, तसें तिला वाटलें. पुढें बाजार भरविणाऱ्यांच्या लक्षांत आलें आणि त्यांनीं तें बंद पाडलें. ह्यांत बरोबर कोण? तुम्ही म्हणाल, मारिया. मलाही ती बाई फार मोठी वाटते. पण विकत घेणाऱ्याच्या बाजूनेंही पहा. त्यानें नांवाचे पैसे मोजले, तर तें नांव खरें असलें पाहिजे. तें खोटें ठरलें तर उद्यां खऱ्याचाही भाव जाईल, आणि नुकसान त्याच बायांचें होईल. माझें मत असें, कीं मारियानें आपलें नांव देण्यापेक्षां प्रत्येकीला तिचें स्वतःचें नांव घालायला शिकविलें असतें तर अधिक बरें झालें असतें; आणि पुढें त्या गांवांत तसेंच झालेंही. मारिया १९८० सालीं वारली. तिच्या हातचीं भांडीं आज हजारों डॉलरांना जातात.

नांवाची चोरी तेथेंही झालीच. परक्यांनीं कारखान्यांत माल काढून 'मूळच्या लोकांनीं केलेला' म्हणून खपविला. १९९० सालीं तेथील सरकारनें कायदा कडक केला. असें खोटें सांगून माल विकणाऱ्या इसमाला पहिल्याच गुन्ह्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पांच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असें ठरलें.

पण एक गोष्ट त्या श्रीमंत देशानेंही केलेली नाहीं. मारियाचें भांडें आज एका संग्राहकानें दुसऱ्याला विकलें, तर त्या पैशांतला एक छदाम तिच्या नातवंडांना द्यावा, असा कायदा तेथें साऱ्या देशाला लागू नाहीं. याबाबतींत फ्रान्स पुढें गेला. तेथें मिले नांवाचा चित्रकार होऊन गेला. शेतकऱ्याचा मुलगा. त्यानें एक चित्र काढलें: बटाट्याच्या शेतांत सांजवेळीं देवळाची घंटा ऐकून नवरा-बायको काम टाकून मान लववून उभीं आहेत. तें त्यानें सुमारें एक हजार फ्रँकांना विकलें. तो १८७५ सालीं वारला. १८८९ सालीं त्याच चित्राचा लिलांव पांच लाख त्रेपन्न हजार फ्रँकांना झाला. घरच्यांना त्यांतलें कांहीं नाहीं. मधल्या सर्वांनीं खाल्लें, आणि पिकविणारा उपाशी. धान्याच्या आडत्याची आठवण झाली ना? अशा गोष्टींचा बोभाटा होऊन १९२० सालीं फ्रान्सनें कायदा केला, कीं कलावंताची कृति पुन्हां विकली गेली तर कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वांटा मिळावा. ऑस्ट्रेलियानें तसाच कायदा २००९ सालीं केला. तो जून २०१० पासून चालू आहे. हजार डॉलर किंवा अधिक किंमतीला पुन्हां विक्री झाली तर शेंकडा पांच कलावंताला. आणि त्या कायद्यानें कृति म्हणून काय काय धरलें आहे? मूर्ति, चित्र, आणि त्यांच्या बरोबरीनें मातकाम, कांचकाम, विणकाम, कोरीव काम, दागिना. म्हणजे कुंभार आणि विणकर त्या कायद्याच्या पंक्तीला बसले आहेत. तेथें वांटा मिळालेल्या कलावंतांपैकीं निम्म्याहून अधिक त्या देशाचे मूळचे रहिवासी आहेत.

आतां तुम्ही विचाराल, आपल्या देशांत काय? आपल्याकडेही असा कायदा आहे! कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें ५३-अ हें कलम घातलें. मूळ चित्र, मूर्ति किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीला पुन्हां विकलें गेलें, तर कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किंमतींत वांटा. तो किती, तें पूर्वीं कॉपीराइट मंडळ ठरवी. २०२१ च्या बदलानंतर तें वाणिज्य न्यायालयाकडे गेलें. मात्र शेंकडा दहाच्या वर नाहीं. समजा, तुम्ही दोन हजारांना दिलेली पितळी मूर्ति पुढें दोन लाखांना विकली गेली. तर वीस हजारांपर्यंत वांटा तुम्हांला मागतां येतो. कर्ता जिवंत असेतोंपर्यंत आणि त्याच्या मरणानंतर साठ वर्षें हा हक्क राहतो, म्हणजे नातवापर्यंत पोंचतो. तरी हें कलम फारसें कोणी वापरलेलें नाहीं. कसें वापरणार? मूर्ति कोणाची हेंच जर लिहिलेलें नाहीं, तर कोर्टांत उभें कोण राहणार?

आणि त्या कलमांतले शब्द पुन्हां ऐका: चित्र, मूर्ति, रेखाटन. घागर त्यांत नाहीं. समई नाहीं, पेटी नाहीं, घोंगडी नाहीं. मातीचा घोडा केला तर तुम्ही मूर्तिकार. मातीचा रांजण केला तर तुम्ही कोणीच नाहीं, मग तो रांजण लाखाला कां जाईना. ज्या वस्तूचा उपयोग होतो ती कला नव्हे, ही समजूत ज्यांना स्वतः कधीं कांहीं उपयोगाचें करावें लागलें नाहीं, त्यांची आहे. ऑस्ट्रेलियाला जें सुचलें, तें आपल्या कायदे करणाऱ्यांना सुचवायला आपणच गेलें पाहिजे. निवडणुकीला उभे राहणारे तुमच्या दारीं येतात तेव्हां रस्ता मागतां, वीज मागतां; हेंही एक मागा.

दुसरें एक कलम आहे, ५७ वें. वस्तु विकली, पैसे घेतले, तरी 'ही मीं केली' असें सांगण्याचा कर्त्याचा हक्क जात नाहीं. आणि ती मोडूनतोडून त्याची बेअब्रू केली तर दाद मागतां येते. हें नुसतें कागदावरचें नाहीं. अमरनाथ सहगल या शिल्पकारानें दिल्लीच्या विज्ञान भवनासाठीं ब्राँझ धातूचें १४० फूट लांब भित्तिशिल्प केलें. गांवांतलीं माणसें त्यांत कोरलेलीं होतीं. १९७९ सालीं इमारतीच्या दुरुस्तींत तें उखडून गोदामांत टाकलें, तुकडे गहाळ झाले. सहगल कोर्टांत गेले. निकाल २००५ सालीं लागला: पांच लाख रुपये भरपाई आणि उरलेलें शिल्प कर्त्याला परत. समोर प्रत्यक्ष हिंदुस्थान सरकार होतें! उशीर झाला, पण सरकार हरलें, कारण शिल्प कोणाचें याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

कोणी म्हणेल, आम्हांला गांवाचें नांव मिळालें आहे, तें पुरे. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. चांगलेंच झालें, जून २०२५ मध्यें इटलींतल्या प्राडा कंपनीनें मिलान शहरांत तशाच चपला कोल्हापूरचें नांव न घेतां मिरविल्या, तेव्हां ओरड करायला आणि त्यांच्याकडून कबुली घ्यायला तें मानांकन उपयोगी पडलें. पण त्यानें नांव राखलें तें कोल्हापूरचें. ज्या चर्मकारानें पट्टा विणला, कान लावले, त्याचें नांव त्यांत कोठें आहे? गांवाचें नांव हें कुंपण आहे, आणि कुंपण हवेंच. पण सातबारा निराळा लागतो.

म्हणून कांहीं साध्या गोष्टी सांगून बसतों. माती ओली आहे तोंवर नांव घाला. अक्षर येत नसेल तर ठराविक खूण घाला, पण एकच, रोज नवी नको. धातूवर ठसा, लांकडावर डाग. वस्तु विकायला निघाली कीं मुलाला सांगून मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा, बुडाच्या खुणेसकट. दलालाला द्या, दुकानदाराला द्या, पण पावतीच्या दोन प्रती करा आणि एक घरीं ठेवा. तींत वस्तु काय, केव्हां केली, कोणी केली, किती पैसे मिळाले, हें लिहा. दलाल म्हणेल, 'अहो पाटील, आपल्यांत कागद कशाला?' त्याला सांगा, आपल्यांतच लागतो.

जे कोणाच्या कारखान्यांत पगारावर काम करतात त्यांनीं जास्त जपावें. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें नोकरींत केलेल्या कामाचा पहिला मालक बहुधा धनी ठरतो, जर उलट कांहीं लिहून घेतलेलें नसेल तर. आणि पहिली मालकी कर्त्याची असेल तरच तो पुन्हां विक्रीचा वांटा मिळतो. लिहून घ्यायचें तें कामाला हात लावण्यापूर्वीं. नंतर धनी लिहून देत नाहीं.

आणि घरांत माती मळणारी, घोटणारी, रंग भरणारी बाई असेल, तर पावतीवर तिचें नांव तुमच्या नांवाच्या शेजारीं लिहा. सही येत नसेल तर अंगठा चालतो.